रणगाडा दलातील सेवा : प्रवेश, प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष काम

कोलकाता शहरात भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. हुगळी नदीच्या काठावरील ज्या किल्ल्यातून हा कारभार चालतो, तो दोन शतकांहून अधिक काळ फोर्ट विल्यम या नावाने ओळखला जात होता. पुढे त्याचे नामकरण विजयदुर्ग असे करण्यात आले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मराठ्यांच्या आरमारी किल्ल्यावरून हे नाव घेण्यात आले आहे. 1971 च्या युद्धात पूर्व आघाडीची सूत्रे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांनी येथूनच हलविली. रणगाडा म्हटले की राजस्थानचे वाळवंट किंवा पंजाबचे मैदान डोळ्यांपुढे येते. परंतु त्या युद्धातील रणगाड्यांची एक महत्त्वाची लढाई कोलकात्यापासून फार दूर नसलेल्या सीमेवर, नद्या, भातखाचरे आणि धुके यांच्या सान्निध्यात झाली होती.

रणगाडा दलात म्हणजे भारतीय लष्कराच्या चिलखती दलात दाखल होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना या सेवेची माहिती बहुधा संचलनातील दृश्यांवरून किंवा चित्रपटांवरून झालेली असते. प्रत्यक्षात ही नोकरी कशी मिळते, प्रशिक्षण कोठे होते, रणगाड्याच्या आत कोण काय करतो आणि या कामातील धोके कोणते, याचा हा आढावा.

चिलखती दल म्हणजे काय

चिलखती दल ही घोडदळाची वारस शाखा आहे. 1 मे 1938 रोजी सिंध हॉर्स या रेजिमेंटने घोडे सोडून चिलखती वाहने स्वीकारली. त्याची आठवण म्हणून 1 मे हा दिवस चिलखती दल दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्र दिनही त्याच तारखेला येतो, हा योगायोग आहे. घोडे गेले तरी घोडदळाची भाषा टिकली. पायदळात ज्याला शिपाई म्हणतात तो येथे सवार असतो, हवालदाराच्या जागी दफादार, तर सुभेदाराच्या जागी रिसालदार असतो. पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स या रेजिमेंटांची नावेही त्याच परंपरेची साक्ष देतात.

रेजिमेंट हे या दलाचे मूळ घटक असते. एका रेजिमेंटमध्ये साधारणपणे 45 रणगाडे असतात. तिची तीन स्क्वॉड्रनमध्ये विभागणी होते. प्रत्येक स्क्वॉड्रनकडे 14 रणगाडे असतात व उरलेले तीन मुख्यालयाकडे राहतात. स्क्वॉड्रनच्या आत तीन-तीन रणगाड्यांचे ट्रूप असतात. नव्याने आलेल्या अधिकाऱ्याच्या हाती प्रथम असा एक ट्रूप सोपविला जातो. तीन रणगाडे आणि त्यांतील जवान एवढीच त्याची पहिली जबाबदारी असते.

भारतीय लष्कराकडे मुख्यतः तीन प्रकारचे रणगाडे आहेत. रशियन बनावटीच्या आराखड्यावरील टी-72 (अजेय) आणि टी-90 (भीष्म) आणि देशात विकसित झालेला अर्जुन. पहिल्या दोहोंवर 125 मिलिमीटरची, तर अर्जुनवर 120 मिलिमीटरची तोफ असते. टी-90 चे वजन सुमारे 46 टन असते. अर्जुनच्या सुधारित आवृत्तीचे वजन 68 टनांच्या घरात जाते. हे रणगाडे तामिळनाडूतील आवडी येथील कारखान्यात तयार होतात. या कारखान्याचा कारभार ज्या आयुध निर्माणी मंडळाकडे होता, त्याचे मुख्यालय कोलकात्यातच होते. ऑक्टोबर 2021 मध्ये ते मंडळ बरखास्त होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या स्थापन झाल्या.

दोन सेनानी, दोन प्रांत

बंगाल आणि महाराष्ट्र यांना जोडणारा एक धागा चिलखती दलाच्या इतिहासात आढळतो. 1962 ते 1966 या काळात लष्करप्रमुख असलेले जनरल जयंतनाथ चौधरी यांचा जन्म 1908 मध्ये कोलकात्यात झाला. ते घोडदळाचे अधिकारी होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी 16 लाइट कॅव्हलरीचे नेतृत्व केले. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थानाविरुद्धची कारवाई झाली तेव्हा पहिल्या चिलखती डिव्हिजनचे प्रमुख तेच होते. त्यांच्या अधिपत्याखालील मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरली. मराठवाड्याच्या मुक्तीशी कोलकात्याच्या या रणगाडा अधिकाऱ्याचे नाव असे जोडले गेले आहे. कारवाईनंतर ते हैदराबादचे लष्करी प्रशासकही झाले.

याच्या उलट दिशेचा प्रवास जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य यांचा आहे. 1965 च्या युद्धात असल उत्तरच्या लढाईत त्यांनी डेक्कन हॉर्सचे नेतृत्व केले आणि त्याबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले. 1971 मध्ये बसंतरच्या लढाईत चिलखती ब्रिगेडचे प्रमुख म्हणून त्यांना दुसऱ्यांदा हाच सन्मान लाभला. 1983 मध्ये लष्करप्रमुख होण्यापूर्वी ते कोलकात्यात पूर्व विभागाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर 10 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली.

गरीबपूर : हलक्या रणगाड्यांची लढाई

पूर्व भारताच्या भूभागात रणगाडे वापरण्यात अडचणी अनेक आहेत. नद्यांची जाळी, ओलसर माती, अरुंद पूल आणि उत्तरेकडे हिमालय. जड रणगाडा चिखलात रुततो आणि पूल त्याचे वजन पेलू शकत नाही. म्हणूनच 1971 मध्ये या आघाडीवर पीटी-76 हा सोव्हिएत बनावटीचा, पाण्यावर तरंगू शकणारा हलका रणगाडा वापरण्यात आला. त्याचे वजन सुमारे 14 टन होते. तो तरंगावा म्हणून त्याचे चिलखत पातळ ठेवलेले होते. जवानांनी त्याला तुपाच्या रिकाम्या डब्याची उपमा देऊन पिप्पा हे नाव दिले होते.

युद्धाची औपचारिक घोषणा होण्यापूर्वी, 20 नोव्हेंबर 1971 च्या रात्री 14 पंजाब ही पायदळाची पलटण आणि 45 कॅव्हलरीची सी स्क्वॉड्रन बोयरा भागातून सीमा ओलांडून गरीबपूर येथे पोहोचली. 21 नोव्हेंबरच्या पहाटे दाट धुक्यात पाकिस्तानी पायदळाने अमेरिकी बनावटीच्या एम-24 शाफी रणगाड्यांसह प्रतिहल्ला केला. दृश्यमानता अतिशय कमी असल्याने रणगाडे एकमेकांच्या फार जवळ येऊन भिडले. स्क्वॉड्रनचे प्रमुख मेजर दलजितसिंग नारग हे आपल्या रणगाड्याच्या झाकणातून बाहेर डोके काढून लढाईचे संचालन करीत असताना मशीनगनच्या गोळ्यांनी शहीद झाले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. त्यांच्यानंतर कॅप्टन बलरामसिंग मेहता यांनी सूत्रे हाती घेतली. लढाईअखेर पाकिस्तानी स्क्वॉड्रनचे बहुतेक रणगाडे नष्ट झाले होते. पुढे मेहता यांनी या लढाईवर लिहिलेल्या पुस्तकाच्या आधारे 2023 मध्ये पिप्पा हा हिंदी चित्रपट निघाला.

दुसऱ्या दिवशी, 22 नोव्हेंबर रोजी, याच भागात हवाई चकमक झाली. कोलकात्याच्या डमडम विमानतळावरून झेपावलेल्या भारतीय हवाई दलाच्या नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर विमानांवर हल्ला केला. दोन पाकिस्तानी वैमानिक पकडले गेले. पाकिस्तानने 23 नोव्हेंबरला आणीबाणी जाहीर केली.

गरीबपूरच्या लढाईतून रणगाडा सेवेबाबत दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, रणगाडा एकटा लढत नाही. पायदळ, तोफखाना, अभियंते आणि हवाई दल यांच्या जोडीनेच त्याचा उपयोग होतो. दुसरी अशी की, चिलखत म्हणजे अभय नव्हे. झाकण बंद ठेवले तर कमांडरला आजूबाजूचे नीट दिसत नाही आणि उघडे ठेवले तर तो गोळीच्या टप्प्यात येतो. हा पेच आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

जवान म्हणून प्रवेश

2022 पासून लष्करातील जवानांची भरती अग्निपथ योजनेखाली होते. योजना जाहीर झाली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस वर्षे ठेवण्यात आली होती. पहिल्या वर्षी एकवेळची सवलत म्हणून कमाल मर्यादा 23 करण्यात आली. सामान्य कर्तव्य या गटासाठी दहावीत एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 टक्के गुण आवश्यक ठरविण्यात आले. तांत्रिक गटासाठी विज्ञान विषयांसह बारावी किंवा ठरावीक तांत्रिक पात्रता लागते. अटींमध्ये वेळोवेळी बदल होत असल्याने इच्छुकांनी अर्ज करताना त्या वर्षीची अधिसूचना वाचणे आवश्यक आहे.

2023 पासून निवडीचा क्रम बदलला. आधी संगणकावरील सामाईक प्रवेश परीक्षा होते. तीत उत्तीर्ण झालेल्यांनाच भरती मेळाव्यासाठी बोलाविले जाते. 2025 मध्ये ही परीक्षा मराठी आणि बंगालीसह 13 भाषांत घेण्यात आली. मेळाव्यात 1.6 किलोमीटर धावणे, बारवर शरीर वर उचलणे, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणे या चाचण्या होतात. त्यानंतर कागदपत्रांची छाननी आणि वैद्यकीय तपासणी होते. उंचीची अट प्रदेशानुसार वेगवेगळी आहे.

भरती उमेदवाराच्या अधिवासाच्या जिल्ह्यानुसार होते. कोलकाता येथे लष्कराच्या विभागीय भरती कार्यालयाचे मुख्यालय असून महाराष्ट्रातील उमेदवारांसाठी पुण्यातील विभागीय कार्यालय आहे. नोकरी-व्यवसायानिमित्त कोलकात्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांनी अर्ज कोठून करावयाचा, हे त्यांच्या अधिवास प्रमाणपत्रावर अवलंबून असते.

येथे एक बाब लक्षात ठेवली पाहिजे. उमेदवार थेट रणगाडा रेजिमेंटसाठी अर्ज करीत नाही. कोणत्या शाखेत पाठवावयाचे, हे रिक्त जागा, गुणवत्ता आणि लष्कराची गरज यांनुसार ठरते. रणगाड्याची आवड असलेला तरुण पायदळात किंवा तोफखान्यात जाऊ शकतो, याची मानसिक तयारी ठेवणे इष्ट ठरते. पूर्वी काही रेजिमेंटांमध्ये विशिष्ट समाजगटांतूनच भरती होत असे. अग्निपथ योजनेत सर्व भारतीयांना सर्व ठिकाणी खुला प्रवेश हे तत्त्व स्वीकारण्यात आले.

चार वर्षांचा हिशेब

अग्निवीराची सेवा प्रशिक्षणासह चार वर्षांची असते. योजनेनुसार पहिल्या वर्षी दरमहा 30 हजार, दुसऱ्या वर्षी 33 हजार, तिसऱ्या वर्षी 36 हजार 500 आणि चौथ्या वर्षी 40 हजार रुपये ठरविण्यात आले. यातील 30 टक्के रक्कम सेवा निधीसाठी कापली जाते व सरकार तेवढीच भर घालते. म्हणजे पहिल्या वर्षी हातात 21 हजार रुपये पडतात. चार वर्षांच्या अखेरीस या निधीतून सुमारे 10 लाख रुपये व त्यावरील व्याज मिळते. सेवाकाळात 48 लाख रुपयांचा जीवन विमा असतो. निवृत्तिवेतन व उपदान मात्र मिळत नाही.

योजनेच्या मूळ आराखड्यानुसार एका तुकडीतील 25 टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना कायम सेवेत घेतले जाते. उरलेल्यांना वयाच्या बाविसाव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या आसपास पुन्हा नव्याने नोकरी शोधावी लागते. रणगाडा दलाच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. चांगला तोफची किंवा चालक तयार होण्यास काही वर्षांचा सराव लागतो. हाताला सफाई येत असतानाच सेवा संपली तर ते कौशल्य रेजिमेंटला गमवावे लागते, असा आक्षेप काही निवृत्त अधिकाऱ्यांनी घेतला. लष्कर तरुण राहावे आणि वेतन-निवृत्तिवेतनाचा भार मर्यादित व्हावा, ही योजनेच्या समर्थकांची बाजू आहे. तरुणाने निर्णय घेताना दोन्ही बाजू विचारात घ्याव्यात आणि सेवेच्या काळातच शिक्षण पुढे चालू ठेवावे, हे त्याच्या हिताचे आहे.

अधिकारी म्हणून प्रवेश

अधिकारी होण्याचे मार्ग निराळे आहेत. बारावीनंतर पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देता येते. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेद्वारे डेहराडूनच्या भारतीय लष्करी प्रबोधिनीत किंवा चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत प्रवेश मिळतो. लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची चाचणी असते. प्रबोधिनीतील प्रशिक्षणाच्या अखेरीस छात्र आपल्या पसंतीच्या शाखा नोंदवितात व गुणक्रम आणि उपलब्ध जागा पाहून शाखा दिली जाते. चिलखती दलाला मागणी अधिक आणि जागा मर्यादित असतात. 2023 मध्ये तोफखान्यात महिला अधिकाऱ्यांची नेमणूक सुरू झाली, परंतु त्या वेळी पायदळ आणि चिलखती दल त्यांच्यासाठी खुले करण्यात आले नव्हते.

अहिल्यानगरचे प्रशिक्षण

निवड बंगालमध्ये झालेली असो वा विदर्भात, चिलखती दलाच्या जवानाला आणि अधिकाऱ्याला महाराष्ट्रात यावेच लागते. या दलाचे केंद्र व विद्यालय अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर येथे आहे. जवानाला प्रथम कवायत, शस्त्र हाताळणी, शारीरिक क्षमता आणि शिस्त यांचे मूलभूत प्रशिक्षण मिळते. त्यानंतर रणगाड्याशी संबंधित व्यवसाय शिकविला जातो. चालक, तोफची आणि रेडिओचालक हे त्यातील मुख्य प्रकार आहेत. पुढे रेजिमेंटमध्ये गेल्यावर एकाने दुसऱ्याचेही काम शिकून घ्यावे अशी अपेक्षा असते, कारण एक जण जखमी झाला तर उरलेल्यांनी रणगाडा चालू ठेवावयाचा असतो.

शहराजवळील के. के. रेंज या गोळीबार क्षेत्रात प्रत्यक्ष तोफा डागण्याचा सराव होतो. इंधन आणि दारूगोळा महाग असल्याने प्रारंभीचा बराच सराव सिम्युलेटरवर म्हणजे कृत्रिम सराव यंत्रावर करून घेतला जातो. याच शहरात 1994 मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय असून तेथे अनेक देशांचे जुने रणगाडे पाहावयास मिळतात. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत वयाच्या एकविसाव्या वर्षी वीरमरण आले व मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचा फामागुस्ता नावाचा सेंचुरियन रणगाडा अहिल्यानगरच्या केंद्रात जतन करून ठेवण्यात आला आहे.

रणगाड्याच्या आत

टी-72 आणि टी-90 मध्ये तीन जण बसतात. चालक पुढच्या भागात खाली, तर कमांडर आणि तोफची वरच्या फिरत्या टरेटमध्ये तोफेच्या दोन बाजूंना. गोळा भरण्याचे काम यंत्र करते. अर्जुनमध्ये ते काम माणूस करतो, त्यामुळे तेथे चौथा जवान असतो.

कमांडर लक्ष्य शोधतो, रेडिओवर वरिष्ठांशी व शेजारच्या रणगाड्यांशी बोलतो, चालकाला दिशा सांगतो आणि कोणता गोळा वापरावयाचा याचा आदेश देतो. तोफची लक्ष्यावर नेम धरतो, लेझरने अंतर मोजतो आणि तोफ डागतो. शत्रूच्या रणगाड्यासाठी वेगळा, पायदळ किंवा बंकरसाठी वेगळा असा गोळ्यांचा प्रकार बदलतो. चालकाला झाकण बंद असताना केवळ काचेच्या अरुंद झरोक्यातून पुढचे दिसते. खड्डा, ओढा किंवा मऊ जमीन वेळेत ओळखणे हे त्याचे कसब असते. तिघांचे बोलणे कानावरील यंत्रातून होते, कारण इंजिनाच्या आवाजात साधे बोलणे ऐकू येत नाही.

आतली जागा अत्यंत अपुरी असते. रशियन रणगाड्यांची उंची मुद्दाम कमी ठेवलेली आहे, जेणेकरून ते दुरून सहज दिसू नयेत. त्याची किंमत आतील जवान मोजतो. पाय पूर्ण लांब करता येत नाहीत आणि उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वाढते. धूर, डिझेलचा वास, हादरे आणि आवाज यांची सवय करून घ्यावी लागते. दीर्घकाळच्या सेवेत कान आणि पाठ यांना त्रास होण्याचा संभव असतो, म्हणून श्रवणरक्षणाची साधने न चुकता वापरणे महत्त्वाचे असते.

सर्वांत मोठा धोका आगीचा असतो. टी-72 मध्ये स्वयंचलित यंत्राच्या तबकडीत 22 गोळे जवानांच्या पायांखालीच असतात. चिलखत भेदले जाऊन हा साठा पेटला तर बाहेर पडण्यास काही क्षणांचाच अवधी मिळतो. त्यामुळे रणगाडा झटपट सोडण्याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतला जातो. 2022 नंतरच्या युक्रेन युद्धात स्वस्त ड्रोनही रणगाड्यावर वरून हल्ला करू शकतात हे दिसून आले आणि सर्व देशांना बचावाच्या पद्धतींचा फेरविचार करावा लागला.

शांततेच्या काळातील दिनक्रम

रणगाडा दलातील बहुतेक दिवस युद्धाचे नसतात, देखभालीचे असतात. सकाळची कसरत झाल्यावर जवान वाहनतळावर जातात. पट्ट्यांचा ताण पाहणे, झिजलेले दुवे बदलणे, हवेच्या गाळण्या साफ करणे, तेल-पाण्याची पातळी तपासणे आणि तोफेची नळी आतून पुसणे ही कामे नियमित करावी लागतात. पट्टा निखळला तर तो चढविण्यासाठी सर्वांना मिळून घाम गाळावा लागतो. मोठ्या दुरुस्तीसाठी विद्युत व यांत्रिकी अभियंता शाखेचे कारागीर सोबत असतात, तथापि रणगाड्याची पहिली काळजी त्याच्या जवानांनीच घ्यावयाची असते.

वर्षातून काही काळ रेजिमेंट राजस्थानातील महाजनसारख्या गोळीबार क्षेत्रात सरावासाठी जाते. रात्रीच्या वेळी तापमानभेदावर चालणाऱ्या दुर्बिणीतून लक्ष्य शोधण्याचा सरावही होतो. पूर्व विभागात मे 2025 मध्ये उत्तर बंगालमधील तिस्ता गोळीबार क्षेत्रात झालेल्या तिस्ता प्रहार या युद्धसरावात चिलखती दलाचाही सहभाग होता. डोंगराळ आणि नदीबहुल प्रदेशासाठी हलक्या रणगाड्याची गरज पुन्हा जाणवू लागल्याने संरक्षण संशोधन व विकास संघटनेने खासगी कंपनीच्या साह्याने जोरावर हा सुमारे 25 टनांचा रणगाडा विकसित केला. त्याचा पहिला नमुना 2024 मध्ये गुजरातमधील हजिरा येथे सादर झाला. गरीबपूरला ज्या कारणासाठी पीटी-76 वापरावा लागला, तेच कारण अर्ध्या शतकानंतरही कायम आहे.

हे काम कोणासाठी

यंत्रांची आवड, थंड डोके आणि लहानशा चमूत दीर्घकाळ राहण्याची तयारी असलेल्यांना ही सेवा मानवते. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना किंवा एकट्याने काम करण्याची सवय असलेल्यांना ती कठीण जाते. रणगाड्यात तिघांपैकी एकाची चूक उरलेल्या दोघांच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच तेथे पदापेक्षा परस्परांवरील विश्वासाला अधिक महत्त्व असते.

इच्छुकांनी शाळेपासूनच गणित व विज्ञानाकडे लक्ष द्यावे, धावण्याचा सराव ठेवावा आणि डोळे व कान यांची तपासणी वेळेवर करून घ्यावी. भरतीसाठी लष्कराकडून कोणतेही शुल्क मध्यस्थामार्फत घेतले जात नाही. निवड करून देतो असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे. अर्ज, प्रवेशपत्र आणि निकाल यांची अधिकृत माहिती लष्कराच्या भरती संकेतस्थळावर व जिल्ह्याच्या भरती कार्यालयात उपलब्ध असते.